जाड सागवान उभं चिरायचंय: 60 दाती, 40 दाती की 24 दाती?

प्लायची कपाटं करून हात बसलाय, टेबल सॉवर (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत) दहा इंची पातं आहे आणि आता दोन इंची सागवान उभं, म्हणजे तंतूंच्या दिशेने, चिरायचंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. तिन्ही पाती मी वापरलीत. माझं मशीन दीड एचपीचं आहे. तुमचं तीनचं असेल तर अनुभव थोडा वेगळा येईल.

सुरुवात 60 दातीने केली. प्लाय आणि सनमायकाला त्याच्यासारखं दुसरं पातं नाही, हे आजही म्हणेन. मग आजोळचं घर उतरवलं, त्यातल्या सागाच्या तुळया माझ्याकडे आल्या आणि झोपाळा करायचं ठरलं. खिळे शोधायला चुंबक फिरवला, फेन्स (फळी जिला टेकवून ढकलतो ती पट्टी) पात्याला समांतर आहे ना ते पाहिलं, आणि चिरायला घेतलं.

दोन फुटांत जळका वास सुटला. भुसा पिठासारखा बारीक आणि हाताला चटका देणारा. पण खरा वैताग निराळाच. लांब फळी ढकलताना हात बदलावा लागतो, आणि जिथे क्षणभर थांबलो तिथे काळा पट्टा. असे हातभर अंतरावर एकेक. सँडपेपरने घासावं तर कागद भरतो आणि डाग उलट चकाकतो. रंध्याने अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) काढला तरी सावली राहिलीच. झोपाळ्याची ती कड मी तीन संध्याकाळ घासत होतो.

पातं बोथट झालं समजून धारवाल्याकडे नेलं. त्याने दातावर नख फिरवलं, दाताच्या कुशीतला तपकिरी थर खरवडून दाखवला आणि म्हणाला, "धार आहे साहेब. आंघोळ घाला याला." कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजत, जुना टूथब्रश, लगेच कोरडं करून तेलाचा हात. एवढ्याने डाग निम्म्यावर आले. सागाचा तेलकटपणा किती लवकर चिकटतो हे तेव्हा कळलं. नवं पातं घेण्याआधी हे करून बघाच.

पण निम्मे राहिले ना! दहा इंची पात्याचा घेर साधारण 800 मिमी. 60 दात म्हणजे दर 13 मिमीला एक, 24 म्हणजे दर 33 मिमीला. दोन इंची लाकडात 60 दातीचे चार-पाच दात एकदम अडकलेले असतात आणि मधल्या खाचा चिमुकल्या. उभ्या चिराईत निघणाऱ्या लांब तंतूंना तिथे जागाच मिळत नाही. मग भुसा तिथेच घासतो आणि तापतो.

24 दाती लावलं तेव्हा मोटरचा आवाज दबला नाही, आणि भुशाऐवजी छिलके पडायला लागले. हात बदलायला थांबलो तरी फारतर पुसट तांबूस छटा. आता त्याचे दोष. कापावर दातांच्या रेघा उमटतात, रंध्याचे दोन हात मारावे लागतात. दात पुढे झुकलेले असल्याने लाकूड जरा ओढल्यासारखं जातं, पकड सैल ठेवून चालत नाही. प्लायला लावलंत तर कडेचा वरचा पापुद्रा उडालाच समजा. आणि दर वेळी पातं बदलायचा कंटाळा येतो, नाही म्हणत नाही. तरी रेघा रंध्याला जातात, काळे पट्टे जात नाहीत. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

40 दाती? इंचभर जाडीपर्यंत चांगलं चालतं. त्यापुढे मला तरी ते धड इकडचं ना तिकडचं वाटलं.

24 दाती घेताना काप पूर्ण एक सूत जाडीचा बघा. पातळ पातं मोटरवर हलकं पडतं हे खरं, पण जाड लाकडात माझं तरी वाकून रेघ सोडायचं. दुकानदार बहुतेक म्हणेल, "सगळे 40च नेतात." मीही त्याच्या शब्दावर आणलं होतं. खिळ्यावर टांगलेलं आहे.