पेट्रोलची वाफ आणि उंदीर: अख्खा चेंबर की फक्त नाकापुरती नळी?

कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून बडोदेकरांना पेट्रोलच्या वासाचे नावीन्य उरलेले नाही. पण त्या वाफेने शरीरात काय होते हे उंदरांवर तपासायचे ठरले, की येथील विषविज्ञानाच्या विद्यार्थ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो उपकरणाचा. अख्खा उंदीर वाफेत ठेवणारा होल-बॉडी चेंबर घ्यावा, की उंदराला नळीत बसवून केवळ नाकाला वाफ देणारी नोज-ओन्ली यंत्रणा? माझे मत आधीच सांगून टाकतो: चार तासांच्या तीव्र विषाक्तता चाचणीसाठी नळी, नव्वद दिवसांच्या अभ्यासासाठी चेंबर.

रसायनांच्या चाचणीपद्धती ठरवून देणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकांचा सर्वसाधारण कल नळीकडे आहे, आणि त्याला कारणही आहे. चेंबरमध्ये पदार्थ केसांवर बसतो, उंदीर अंग चाटतो आणि श्वासातून जायची ती मात्रा पोटात जाते. धूळ किंवा तुषार असतील तर हा आक्षेप बिनतोड आहे. पेट्रोलच्या वाफेत मात्र ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटकच अधिक असतात आणि ते केसांवर फारसे टिकत नाहीत, म्हणून येथे त्याची धार बोथट होते.

उलट नळीचा जाच टिकून राहतो. पहिल्यांदा नळीत घातलेला उंदीर मागे रेटतो, अंग दुमडून उलटा फिरू पाहतो, आणि फिरलाच तर गुदमरू शकतो. म्हणून प्रत्येक छिद्रात नाक दिसते आहे ना, हे तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा वाकून पाहावे लागते. आधी काही दिवस सवय लावली तरी रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, तेरा आठवडे असे जखडून ठेवल्यावर वजन घटले, तर दोष पेट्रोलचा की नळीचा हे ठरवणे कठीण जाते. वाफ न दिलेल्या, तुलनेसाठीच्या नियंत्रण गटालाही नळीत बसवावे लागते ते त्यामुळेच. त्यात बडोद्याचा मे महिना. खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास राखले नाही, तर नळीतल्या उंदराचे अंग लवकर तापते. चेंबरमध्ये हा त्रास कमी असतो. मात्र तेथे प्रत्येक उंदराला जाळीचा वेगळा पिंजरा हवा, नाहीतर ते एकमेकांच्या केसांत नाक खुपसून बसतात.

नळीची खरी जमेची बाजू खर्चाची आहे. एक घनमीटरच्या चेंबरमध्ये तासाला बारा वेळा हवा बदलत १०,००० मिलिग्रॅम प्रति घनमीटर पातळी राखायची, तर तासाला १२० ग्रॅम नमुना लागतो. ६५ दिवसांत तो जवळजवळ ४७ किलो होतो. चोवीस छिद्रांच्या यंत्रणेत, दर छिद्राला मिनिटाला एक लिटर हवा धरली, तर साडेपाच-पावणेसहा किलोत काम भागते. शिवाय चेंबरमध्ये अपेक्षित पातळीच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचायलाच सुमारे तेवीस मिनिटे जातात. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ टक्के झाली की ठिणगीने पेट घेते, हेही चेंबर निवडणाऱ्याने विसरू नये. म्हणून वरची पातळी २०,००० मिलिग्रॅमच्या, म्हणजे त्या मर्यादेच्या साधारण निम्म्याच्या पुढे नेऊ नये.

गाभण माद्या आणि पिल्ले अभ्यासात असतील तर चेंबरला पर्याय नाही.

उपकरण ठरले तरी नमुन्याचा प्रश्न उरतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात पेट्रोल पूर्णपणे, म्हणजे जड घटकांसह, वाफवून दिले होते आणि नर उंदरांच्या मूत्रपिंडांत गाठी आढळल्या. त्यांचा संबंध नर उंदरांतच विपुल असणाऱ्या अल्फा-२यू-ग्लोब्युलिन या प्रथिनाशी आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९१ मध्ये या मार्गाने होणाऱ्या गाठी माणसाच्या धोक्याच्या मोजमापात धरू नयेत असे ठरवले. पंपावर गाडीत पेट्रोल भरणाऱ्या माणसाच्या नाकात जड घटक फारसे जातच नाहीत, म्हणून वाफ गोळा करून थंड केलेला द्रवच नमुना म्हणून वापरावा, आणि चेंबरमध्ये तो प्रत्यक्ष किती आहे हे दिलेल्या मात्रेवरून न मानता गॅस क्रोमॅटोग्राफ या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर मोजावे.