जुना 25 एचपी की अरुंद मिनी? आधी तास मोजा

जुना ट्रॅक्टर घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, धूर बघतात, कागदपत्रं तपासतात. मागच्या दोन चाकांतलं अंतर मात्र क्वचितच कोणी मोजतं. पाच-सात एकरांत कापूस, तूर, सोयाबीन घेणाऱ्यासाठी तेच माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण चाक पिकाच्या दोन तासांच्या (ओळींच्या) मधूनच जायला हवं.

माप एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत घ्या. स्वराज 724, आयशर 242, एचएमटी 2511 अशा 25 एचपीच्या आसपासच्या जुन्या ट्रॅक्टरचं अंतर साधारण चार-साडेचार फूट असतं. ते 135 सेंमीवर लावलं, तर 45 सेंमी अंतरावर पेरलेल्या सोयाबीनचे तीन तास पोटाखाली येतात. पण 12.4 इंची टायर म्हणजे 31 सेंमी, दोन्ही बाजूंना सात-सात सेंमीच उरतात. तीन फुटांवर ओळी असलेल्या पऱ्हाटीत (कापसात) हेच चाक बाजूच्या तासाला घासूनच चालतं. चार फुटी पऱ्हाटीत मात्र अंतर 120 सेंमी केलं की चाक बरोबर मधून जातं, पण झाड ट्रॅक्टरच्या पोटाला लागेपर्यंतच.

मित्सुबिशी शक्ती 180डी किंवा युवराज 215 सारखी मिनी, म्हणजे छोटा ट्रॅक्टर, इथे सरस ठरते. टायर आठ इंचांच्या आसपास, एकूण रुंदी तीन-साडेतीन फुटांच्या आसपास. चार फुटी ओळींत पऱ्हाटी कमरेला आली तरी फांद्या भिडेपर्यंत ती दोन ओळींच्या मधून डवरा (कोळपं) ओढते.

नांगरणीत मात्र काळ्या जमिनीत मिनीचा दम निघतो. कापसाची भरलेली ट्रॉली, थ्रेशर ही 25 एचपीचीच कामं. (आयशर 242 चं इंजिन हवेने थंड होतं, त्याला रेडिएटरच नाही, त्यामुळे मळणीत भुश्याने जाळी बुजायची कटकट नाही. सिलिंडरच्या पात्या मात्र साफ ठेवाव्या लागतात.) शिवाय अरुंद ट्रॅक्टर धुरा (बांध) तिरपा चढला की कलंडायची भीती जास्त.

माझं मत स्पष्ट आहे. घरच्याच वावरात कापूस जास्त असेल तर मिनी घ्या. नांगरणी उन्हाळ्यात भाड्याने होते, दोन दिवस मागेपुढे झाले तरी चालतं. डवरणीला पावसाची उघडीप मिळाली तोच दिवस, आणि त्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्या गावालाच हवा असतो. दुसऱ्यांची नांगरणी-मळणी करून हप्ते फेडायचे असतील तर जुना 25 एचपीच बरा.

तो घेणार असाल तर मागची चाकं खोलून बघा. डावं चाक न फिरवता सरळ उजवीकडे आणि उजवं डावीकडे लावलं की डिश (चाकाची मधली तबकडी) उलटी होते, अंतर बदलतं आणि टायरच्या नक्षीची दिशा तीच राहते. रिम आणि डिशचे बोल्ट गंजून धरले असतील, तर हे माप बदलणं कागदावरच राहील. पुढच्या ॲक्सलची भोकंही बघा. तो बाहेर सरकवला की स्टिअरिंगचा टाय रॉडही तेवढाच वाढवावा लागतो, नाहीतर पुढची चाकं तिरपी पडून टायर खातात.