घरी जोडलेला संगणक आणि मुका राहिलेला पॉवर स्विच : पावसाळ्यासह काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सुटे भाग आणून घरीच जोडलेला हा संगणक गेल्या उन्हाळ्यापासून रोज वापरात आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना हवी तशी करून देणारा डबा) असा संच आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड मुद्दामच घेतले नाही, कारण या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय अंगचीच आहे आणि हिशेब, मराठी टंकलेखन, मुलांचा अभ्यास व थोडेफार व्हिडिओ संपादन एवढ्या कामाला ती पुरून उरते. भागांविषयीचे मत शेवटी देतो. जोडणी पूर्ण झाल्यावर कॅबिनेटचे बटण दाबले, तेव्हा पंखा हलला नाही की दिवा लागला नाही. तो दोष ज्या क्रमाने शोधला, तो क्रम पुढेही उपयोगी पडला, म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो.

‘संगणक सुरू होत नाही’ या एकाच तक्रारीत दोन अगदी वेगळे प्रकार येतात. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, तेव्हा रॅम, प्रोसेसर किंवा बायोसकडे (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डातच असलेल्या मूळ प्रणालीकडे) पाहावे लागते आणि त्यासाठी मदरबोर्डवरचे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) व बूट (सुरू होण्यासाठीची डिस्क) असे चार निदर्शक दिवे असले तर मोठी मदत होते. पंखाच हलत नाही, तेव्हा मात्र विजेची वाट आधी तपासायची असते : भिंतीतले सॉकेट, एसएमपीएस, त्यातून बोर्डाला जाणारी २४ पिनांची वायर आणि कॅबिनेटचे बटण. पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता धरावी. बोर्डाखाली जास्तीचा पितळी स्पेसर (बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारा खुंट) राहिला तरीही असे होऊ शकते. सगळेच निपचित असताना रॅम काढा, प्रोसेसर पुन्हा बसवा, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. नव्या बोर्डाच्या नाजूक भागांना त्यात विनाकारण हात लागतो.

सॉकेटला टेबल लॅम्प लावून पाहिला, एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू असल्याची खात्री केली आणि मग साधा डिजिटल मल्टिमीटर हातात घेतला. एसएमपीएसला वीज मिळत असली की संगणक बंद असतानाही २४ पिनांच्या जोडातल्या ९ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा असायलाच हवा. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर जांभळी असते. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, त्यामुळे रंगाऐवजी पिनेच्या क्रमांकावर विसंबावे. जोड बोर्डातच ठेवून मीटरचे काळे टोक कॅबिनेटच्या उघड्या धातूला आणि लाल टोक मागच्या बाजूने त्या पिनेला टेकवले. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे आणि आकडा तिच्या आतच होता. म्हणजे एसएमपीएसचा निदान तेवढा भाग तरी जिवंत होता.

खरा उलगडा १६ क्रमांकाच्या पिनेने केला. ही परंपरेने हिरवी वायर. एरवी तिच्यावर काही व्होल्ट दिसतात. बटण दाबले की बोर्ड तिला शून्याजवळ आणतो आणि तो इशारा मिळताच एसएमपीएस मुख्य पुरवठा सोडतो. मीटर लावून कॅबिनेटचे बटण दाबले, दाबून धरले, सोडले. आकडा तसूभरही हलला नाही. याचा अर्थ बोर्डाला बटण दाबल्याचे कळतच नव्हते किंवा कळूनही तो इशारा देत नव्हता. बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून पॉवर स्विचची जोडणी काढली आणि त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभरच टेकवले, तर सगळे पंखे फिरू लागले आणि पडद्यावर बायोसही आले. मग काढलेल्या वायरीच्या दोन टोकांना मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके आतून जुळली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून बटण दाबले. मीटर वाजला नाही. कॅबिनेटचा स्विचच आतून तुटका होता.

दुकानदार अख्खे कॅबिनेट परत मागत होता, म्हणजे सगळी जोडणी पुन्हा उचकटणे आले. त्याऐवजी रीसेट बटणाची वायर पॉवर स्विचच्या पिनांवर लावली. दोन्ही बटणे एकाच जातीची, दाबेपर्यंतच जोड देणारी असतात आणि त्यांना उलटसुलट असा प्रकार नसतो. तो एलईडीच्या वायरींना असतो. गेले काही महिने रीसेटच्या बटणावरच संगणक सुरू होतो आहे आणि एकदाही अडलेला नाही.

आमच्या कोकणातल्या दमट हवेत जुलैमधल्या एका सकाळी दुसरा प्रकार समोर आला. पंखे फिरत होते, पडदा काळा होता आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा लागलेला होता. वीज बंद करून दोन्ही रॅम काढल्या, सोनेरी पट्ट्यांवर पांढरे खोडरबर हलकेच फिरवले, कण झटकले आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या व चौथ्या खाचेत खटका बसेपर्यंत दाबल्या. संगणक लगेच सुरू झाला. बोर्ड घेताना हे चार दिवे आहेत का, एवढे तरी जरूर पाहावे, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टर असूनही संगणक पुन्हा सुरू होत असे, तो मात्र कोणत्याही भागाचा दोष नव्हता. एसएमपीएस विजेविना काही मिलिसेकंदच तग धरतो आणि घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर बदलाला त्याहून जास्त वेळ लागतो. यूपीएस मोडवर टाकल्यापासून तो त्रास थांबला.

शेजारच्यांच्या जुन्या संगणकाला हाच मीटर लावला, तेव्हा ९ क्रमांकाची पिन सरळ शून्य दाखवत होती आणि सॉकेट व पॉवर केबल दोन्ही ठीक होती. एसएमपीएस बदलताच तो चालू झाला. बंद पडलेला एसएमपीएस कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस सुरू होतो का, ही चाचणी बरेच जण करतात. तिने तो सुरू होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही हे कळत नाही.

आता भागांविषयी. ६५ वॅटचा ५६००जी सोबतच्या कूलरवर भर मे महिन्यातही समाधानकारक चालला. व्हिडिओ संपादनात पंख्याचा आवाज वाढतो, एरवी तो जाणवतही नाही. एसएमपीएस या कामाला गरजेपेक्षा मोठा आहे, पण पुढे मध्यम ग्राफिक्स कार्ड घालायचे झाले तर तोच चालेल. कॅबिनेटची हवा चांगली खेळते आणि पुढची जाळी धुता येते, तरी त्या स्विचमुळे मी ते दुसऱ्याला सुचवणार नाही. कोणतेही कॅबिनेट घेताना दुकानातच त्याच्या दोन्ही बटणांच्या वायरींना मीटर लावून पाहावा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत आणि दुकानदारही सहसा नाही म्हणत नाहीत.