टोमॅटो तडकतात म्हणून ठिबक संच घेताय? आधी टायमर बघा

इंदूरच्या बऱ्याच वस्त्यांत नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि गच्चीवरच्या टोमॅटोंनाही पाणी त्याच हिशेबानं मिळतं. नळाच्या दिवशी पाइप धरून कुंड्या तुडुंब भरायच्या आणि दुसऱ्या दिवशी टाकी पुरवायची म्हणून नुसता शिडकावा करायचा. टोमॅटो तडकायला एवढं पुरतं.

माती कोरडी पडली की फळाची वाढ मंदावते, सालीची लवचीकता जाते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की मुळं ते ओढून घेतात, गर फुगतो आणि साल त्याच्याबरोबर ताणली जात नाही. देठाशी तपकिरी, बुचासारखं कडं असतं. तिथून ती उभी फाटते. देठाभोवती गोल रेघा पडतात तो दुसरा प्रकार. त्या पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळावरच उमटायला लागतात, पुढे खरडल्यासारख्या वाळतात आणि फळ खाण्याजोगं राहतं. उभी चीर वाईट, दोन-तीन दिवसांत तिच्यात काळी बुरशी बसते.

यावर उपाय म्हणून सध्या गच्चीसाठीचे तयार ठिबक संच बरेच विकले जातात. इथे पाहिलेला संच २४ ड्रिपरचा. १६ मिमीची १० मीटर काळी नळी, ४ मिमीची बारीक नळी, तासाला २ लिटरचे ड्रिपर, जोड, टोपणं, एक जाळी आणि बॅटरीवरचा टायमर. नळ्या आणि जोड चांगले आहेत. जोड बसवण्याआधी नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरलं तर हात दुखत नाहीत आणि नंतर गळतही नाही. ४ मिमीची नळी मात्र पारदर्शक दिली आहे. उन्हात तिच्यात महिन्याभरात हिरवं शेवाळ धरतं. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात काळी मिळाली तर सुरुवातीलाच बदलून टाकावी. सोबतची जाळीही जाड आहे, १२० मेशची, म्हणजे बारीक जाळीची गाळणी लावावी. बोअरिंगचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी क्षाराचं पांढरं कडं जमतंच. महिन्यातून एकदा ड्रिपर काढून लिंबूसताच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवले की ते सुटतं.

खरी अडचण दाबाची, आणि डब्यावर तिचा एका शब्दानं उल्लेख नाही. १० मीटर उंचीवरून पाणी आलं तर साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी कुंड्यांच्या वर जेमतेम दीड-दोन मीटर असते, म्हणजे दाब ०.१५ ते ०.२ बार. एवढ्यावर २ लिटरचा साधा ड्रिपर तासाला पाऊण ते एक लिटरच देतो. ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) लिहिलेले महागडे ड्रिपर तर इतक्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत, ते घेऊ नयेत. टायमरचे प्रकार दोन. आत पडदा असलेला सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकावर चालणारा) टायमर पडदा उचलण्यासाठी पाण्याचाच दाब वापरतो आणि त्याला सहसा अर्धा बार तरी लागतो. टाकीच्या पाण्यावर तो उघडत नाही, किंवा उघडला तर नीट बंद होत नाही आणि रात्रभर थेंब-थेंब गळत राहतो. दुसऱ्या प्रकारात छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आरपार भोक असलेला गोळा फिरवते. त्याला दाब लागत नाही. हा संच दोन्ही टायमरांसह मिळतो आणि डब्यावरचं चित्र दोन्हींचं एकच!

माहितीपत्रकात ‘दर ४८ तासांनी १ तास’ असं नमुन्याचं सेटिंग दिलं आहे. ते शोभेच्या झाडांना ठीक. टोमॅटोसाठी ते लावणं म्हणजे दिवसाआडच्या नळाची सवय पैसे देऊन विकत घेणं. २० लिटरच्या एका ग्रोबॅगला दोन ड्रिपर द्यावेत, खोडापासून चार-चार इंचांवर, समोरासमोर. म्हणजे संच १२ झाडांचा झाला, २४ चा नाही. फळं धरलेल्या झाडाला डिसेंबर-जानेवारीत दिवसाला एक ते दीड लिटर लागतं. सकाळी आणि दुपारी वीस-वीस मिनिटांत एक लिटरच्या वर पाणी पडतं, तिथून सुरू करून मातीत बोट घालून वाढवावं. मार्चमध्ये दोन-अडीच लिटर लागतं, तेव्हा सकाळी ६, ११ आणि संध्याकाळी ५ ला अर्धा-अर्धा तास. या दिवसांत भर दुपारी नको, काळ्या नळीत तापलेलं पाणी थेट मुळांवर जातं.

हे आकडे डोळे मिटून लावू नयेत. पहिल्या दिवशी प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून १५ मिनिटं पाणी सोडावं आणि मापून घ्यावं. प्रत्येकी २०० मिलिच्या आसपास यायला हवं. शेवटच्या वाटीत पहिलीच्या निम्मंच आलं तर नळी कुठेतरी वर उचलली गेली आहे किंवा आत हवा अडकली आहे. शेवटचं टोपण काढून हवा जाऊ द्यावी.

माळव्याची काळी माती नुसती भरलेली असेल तर हा संच वाया जातो. ती वाळली की आक्रसते, बॅगेच्या कडेनं फट पडते आणि पाणी त्या फटीतून खालच्या भोकांवाटे बाहेर. निम्मी माती ठेवून बाकी कोकोपीट आणि शेणखत मिसळावं. वर सोयाबीनच्या भुशाचा दोन इंचांचा थर द्यावा. या थराचं काम टायमरइतकंच आहे, आणि तो इथे जवळपास फुकट मिळतो.

मावठ्यावर मात्र संचाचा इलाज नाही. आभाळ भरून आलं की टायमर बंद करावा आणि गुलाबी झाक आलेली फळं पावसाआधीच तोडून घरात ठेवावीत. ती आत व्यवस्थित पिकतात. पाणी नियमित असूनही फळं फुटत असतील तर युरिया आधी बंद करावा आणि खालची पानं ओरबाडून फळं उन्हात उघडी टाकणंही थांबवावं. चेरी टोमॅटो आणि पातळ सालीचे देशी टोमॅटो थोडेफार तडकणारच. लांबट, जाड सालीच्या जाती बऱ्याच तग धरतात.

बॉल व्हॉल्व्हचा टायमर असेल तर संच घ्यावा, नसेल तर नळ्या-ड्रिपर सुटे घेऊन टायमर वेगळा घेणं परवडतं. दुकानात “टंकी के पानी पे चलेगा?” विचारलं की “सब पे चलेगा भैया” हेच उत्तर येतं. त्यापेक्षा सेल घालून टायमर हातानं चालू करावा. नुसतं ‘टक्’ वाजलं तर सोलेनॉइड. दोन-तीन सेकंद मोटर घुरघुरली आणि मग तोंडानं फुंकर मारल्यावर हवा सरळ पलीकडे गेली, तर पैसे द्यावेत.