जिप्सीचे पाटे घरीच उतरवले, त्याला सात महिने झाले

मे महिन्यातल्या एका शनिवारी खानापूरला आमच्या परड्यात, फणसाखाली, जिप्सी जॅकवर चढवली. आता डिसेंबर. मध्ये अख्खा पावसाळा गेला, कणकुंबीच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, मीटरवर 6,400 किलोमीटर वाढले. काम झालं त्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं शॉकअपचं कौतुक केलं असतं. बरं झालं थांबलो.

गाडी 2005 ची मारुती जिप्सी किंग, 1.3 लिटर पेट्रोल, केए-22 पासिंग, माझ्याकडं तिसऱ्या हातानं आलेली. चारी चाकांना पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढं-मागं अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. दुखणं असं की जांबोटीच्या पुढं खड्ड्यात चाक गेलं की मागून 'टक्' आवाज, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग जरा वाकडं धरावं लागायचं. एकदा चुलतभाऊ मोटरसायकलवर मागून येत होता. घरी आल्यावर म्हणाला, "तुझी गाडी तिरकी पळूलालीय की रे, कुत्रं पळतंय तशी." त्याआधी दोनदा अलाइनमेंटचे पैसे घालवले होते. अखंड ॲक्सलच्या गाडीत अलाइनमेंट म्हणजे पुढच्या चाकांचा टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते), मागं फिरवायला काही नसतंच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रोग ओळखला आमच्या मास्तरांनी. हायस्कूलला गणित शिकवतात, गाडीतलं फार कळतं असा त्यांचा दावाही नाही. त्यांनी नुसती टेप लावली, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. उजवीकडं 2,375 मिलिमीटर, म्हणजे कंपनीचा आकडा तंतोतंत. डावीकडं 2,362. "तेरा मिलिमीटर कुठं गेले, ते शोधा," म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

ते गेले होते सेंटर बोल्टात. पाट्यांची चळत मधोमध एका बोल्टानं बांधलेली असते आणि त्या बोल्टाचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात, दोन यू-बोल्ट वरून येऊन सगळं आवळून धरतात. यू-बोल्ट ढिले झाले की गाडीची सगळी ओढाताण त्या बारक्या बोल्टावर येते. आमचा तुटला होता. मागचं डावं चाक पुढं सरकलं, गाडीचं ढुंगण उजवीकडं गेलं, आणि मी स्टिअरिंगला दोष देत बसलो होतो.

शनिवारचा दिवस एकाच बोल्टानं खाल्ला. मागच्या डाव्या पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (पाट्याच्या टोकाला वळवलेल्या गोल भोकातला) बोल्ट तिथल्या बुशच्या, म्हणजे रबरी गादीच्या, आतल्या नळीला गंजून असा धरला होता की दोन्ही एकजीव. वीस वर्षांची लाल माती आणि पावसाचं पाणी. डिझेल ओतलं, घण मारला, पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो. नट निघाला, बोल्ट जागचा हलेना. वेल्डर मित्र बेळगावच्या उद्यमबागेत कामाला आहे, तो गॅस कटर घेऊनच आला होता. मास्तरांनी सपशेल नकार दिला. पेट्रोलची टाकी तिथंच मागं. ग्राइंडरच्या ठिणग्यासुद्धा नकोत म्हणाले. मग हॅकसॉ. चार ब्लेड गेली, पाळीपाळीनं कापत होतो, एकाचा हात भरला की दुसरा. संध्याकाळी सातला बोल्टाचे दोन तुकडे झाले तेव्हा वैनींनी आतून विचारलं, "काय पडलं?" आमच्या ओरडण्यानं त्यांना वाटलं जॅक सुटला.

जॅकवरून आठवलं. परड्यातली जमीन मऊ, म्हणून जॅकखाली सागाची फळी आणि चेसीखाली टेकूला दोन लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी शिरायचं नाही, यावर चुलतभावाशी दोनदा भांडण झालं. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी होजवर तो लोंबत नाही ना, हेही कुणीतरी सतत बघावं लागतं.

आता एकेक सामानाचं.

शॉकअप. सगळ्यात जास्त पैसे इथं गेले, चार गॅसवाले मिळून 9,600. पहिल्या दिवशी वाटलं फसलो. रिकामी गाडी आधीच कडक, त्यात गॅसचा दाब दांडा सतत बाहेर ढकलतो, त्यामुळं छोट्या खड्ड्यांवर बूड जास्तच आपटू लागलं. खरं चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी पूर्वीसारखी होडीगत कलत नाही, आणि मागं चौघं बसले की छान चालते. वाईट नाहीत. पण पैसे कमी असतील तर हे शेवटी घ्या.

पाट्यांना कमान. मागचे पाटे बसले होते म्हणून बेळगावात पाटेवाल्याकडं नेऊन कमान मारून आणली, 2,800 रुपये. मागची उंची 38 मिलिमीटरनं वाढली, सगळ्यांनी फोटो काढले. सप्टेंबरात मोजली तर 21, आता 16. थंड पाटा ठोकून वाकवला की तो हळूहळू परत बसतो. शेजारच्या काकांनी आधीच सांगितलं होतं. आणखी एक, कमान वाढली की पाट्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर कमी होतं, मागचा शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा) पुढं कलतो, आणि पहिले दोन महिने मागची चाल आखडल्यासारखी होती. जसे पाटे बसले तशी ती सुधारली. म्हणजे उंचीसाठी पैसे दिले आणि उंची गेल्यावर आराम मिळाला.

पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस लावायचं की नाही यावर वाद झाला. आम्ही तारेच्या ब्रशनं गंज काढून लावलं. जून-जुलै एकदम गप्प. ऑगस्टमध्ये चिखलानं धुऊन गेलं, कुईकुई परत सुरू. पुढच्या वर्षी गंज काढू, पण ग्रीसचा हट्ट नाही.

बुश मात्र शिकवून गेले. पुढं पॉलियुरेथेनचे टाकले, मागं साधे रबरी, मुद्दाम फरक बघायला. पॉलीचा बुश नळीवर फिरतो, त्याला सिलिकॉनचं ग्रीस लागतं, ते सुकलं की तो किरकिरतो. आमचे ऑक्टोबरात किरकिरले, उघडून ग्रीस लावलं, गप्प झाले. झिजलेले अजिबात नाहीत. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. म्हणून त्याचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर. हवेत लोंबत्या पाट्यावर आवळला तर गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो.

हे आम्हाला माहीत होतं. शेजारचे काका, डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, खुर्ची टाकून दोन्ही दिवस बसून होते. रविवारी संध्याकाळी वळीव आला, डावी बाजू तेवढी राहिली होती, आम्ही घाईनं आवळू लागलो. काका छत्रीतून ओरडत होते, "तडीरी, तडीरी!" म्हणजे कन्नडमध्ये थांबा, "चाक खाली टेकू दे की!" आम्ही "होय काका" म्हणत आवळत राहिलो. उजवा बुश आज सात महिन्यांनी नव्यासारखा आहे. डावा जुलैअखेर चिरला. काका त्यावर काही बोलले नाहीत, नुसते बघायला आले आणि चहा घेऊन गेले.

आणि यू-बोल्ट. आठ यू-बोल्ट, सोळा नट, दोन सेंटर बोल्ट, सगळं मिळून 1,900 रुपये. जुने ताणलेले असतात, परत वापरले नाहीत. नट एक इकडचा एक समोरचा असे उलटसुलट थोडे थोडे आवळले. शंभर किलोमीटरनंतर परत पाना लावला तर सोळापैकी अकरा नट पाव फेरा फिरले. पाचशेला परत लावला, तीन फिरले. त्यानंतर एकही नाही. तिरकं पळणं, खड्ड्यातला 'टक्', वाकडं स्टिअरिंग, सगळं या 1,900 रुपयांत गेलं. टेप अजून महिन्याला लावतो. दोन्हीकडं 2,375.

मजुरीचं विचाराल तर दोन दिवस झुणका-भाकरी, रविवारी मटण, आणि मास्तरांसाठी बेळगावहून कुंदा. वेल्डरनं मशीन शॉपमध्ये टर्न करून आणलेली बुश दाबायची नळी अजून माझ्याकडंच आहे, परत मागत नाही. पुढचं काम तो गृहीत धरून आहे.

आहेच. मागचे पाटे नवीनच घ्यायचे ठरलंय. मास्तर म्हणतात दहावीचे पेपर झाल्याशिवाय जमणार नाही, चुलतभाऊ म्हणतो काजू संपू दे. काकांनी फक्त एवढंच विचारलं की वळवाच्या आधी करणार का नंतर.