मिरचीले मल्चिंग पेपर का तणस?

भाचा परवापासून मागं लागला, मामा मिरचीच्या बेडवर मल्चिंग पेपर, म्हणजे तण दाबायचं पातळ प्लास्टिक, टाकू का तणस. वावर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, वरच्या अंगाले.

पैशाचं पाहिलं तर 5 फुटांवर बेड धरले की एकराले 400 मीटरचे सहा-सात रोल लागतात, तणस घरच्या धानाची, पण ढोराच्या तोंडचा घास आहे बाप्पा. निंदणात पेपरच भारी, खोटं कायले बोला, तणसात धान उगवते अन् उधईबी लागते.

खरी गंमत सीझन संपल्यावर. 25 मायक्रॉन जाडीचा पेपर उन्हानं कडक होते, ओढला की चिंध्या, अर्धा मातीतच राहते, त्यावर रोटाव्हेटर फिरला की झाला भुगा, 5 मिलिमीटरच्या आतला तुकडा म्हणजेच मायक्रोप्लास्टिक, अन् ते पावसात नाल्यानं बोडीत. मासे चारा समजून गिळतात, पोट भरल्यासारखं होते पण अंगी लागत नाही, अन् तेच मासे बगळे खातात, आपणबी खातो. तणस सडली तर खत.

बोडीजवळ वावर अन् ढोरं कमी असतील तर तणसच. मजूर नाही, पाणी तुटपुंजं, तर पेपर टाका, पण 30 मायक्रॉनचा, अन् रोटाव्हेटरच्या आधी सगळा उचला.