‘कमी चाललेली’ बोट: सेकंडहँड डिझेल यॉट घेताना झालेली फसवणूक

आम्हा तिघा मित्रांचे ४४ लाख रुपये एका जुन्या मोटर यॉटमध्ये अडकले आहेत. बोट आजही पाण्याबाहेर उभी आहे आणि तिचं डावं इंजिन पूर्ण खोलून ठेवलंय. कोल्हापूर-सांगलीकडचे ओळखीचे लोक आता बोटीच्या चौकशा करू लागलेत. कुणी देवगडला घेऊ म्हणतो, कुणी मालवणला. दलालांची भाषा सगळीकडे तीच ऐकू येते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्हाला काय हवं होतं ते आधी सांगतो. घाट उतरून रत्नागिरीला जायचं, तिथून विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत गोव्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं. मुक्काम बोटीतच. त्यासाठी ३८ फुटी, फायबरची, ३०० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं असलेली, वीसेक वर्षं जुनी बोट आम्हाला दाखवण्यात आली. ती खाडीत नांगरलेली होती. दलाल म्हणाला, ‘मालक परदेशात असतात, बोट नुसती उभी असते, फक्त ६४० तास चालली आहे.’

बघायला गेलो तेव्हा दोन्ही इंजिनं सुरूच होती. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली,’ असं तो अगदी अगत्याने म्हणाला. तेल स्वच्छ, इंजिनखोलीला नवा पांढरा रंग, तळाशी पाण्याचा थेंब नाही. चाचणी खाडीतच झाली. वेग वाढवू दिला नाही, कारण काय तर लाटेने मच्छीमारांच्या होड्या हलतात. कारण खरंच होतं, पण त्याच्या आडोशाने इंजिन पूर्ण ताकदीवर कधी गेलंच नाही. बोट ओढून बाहेर काढा म्हटलं तर स्लिपवेवर (बोटी ओढून बाहेर काढायच्या उतारावर) जागा नाही, सीझन आहे, असं उत्तर. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस, मात्र त्याच्याकडे तयार होता. त्याने फोटोंसह अठरा पानी रिपोर्ट दिला. हा सर्व्हेअर याच दलालाच्या प्रत्येक व्यवहारात असतो, हे आम्हाला पैसे गेल्यावर दुसऱ्या एका खरेदीदाराकडून कळलं. अख्खी फसवणूक या एका माणसावर उभी होती. रिपोर्ट हातात आला की कोणीही निर्धास्त होतो, आणि तो त्यासाठीच दिलेला असतो.

खाडीच्या तोंडातून उघड्या समुद्रात पहिल्यांदा बाहेर पडलो आणि तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) दोन्ही लिव्हर पुढे ढकलले. उजवं इंजिन २८०० आरपीएमला गेलं. डावं २३०० च्या पुढे सरकेना. थोड्याच वेळात गरम झाल्याचा भोंगा वाजला आणि मागे पांढरा धूर. एका इंजिनवर परत आलो.

मग आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना घेऊन गेलो. उभं आयुष्य ऑइल इंजिनात गेलेला माणूस. त्यांनी इंजिनाकडे जाण्याआधी सुकाणूपुढचं पॅनल बॅटरीच्या उजेडात नीट पाहिलं. इतर मीटरांच्या काचा उन्हाने पिवळ्या पडलेल्या, अवर मीटरची (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरची) काच मात्र पाण्यासारखी स्वच्छ. त्याच्या कडेला, जुना मोठा मीटर जिथे बसलेला होता, तिथे न विटलेल्या रंगाचं कडं राहिलं होतं. स्क्रूची डोकी चकचकीत. ‘साहेब, मीटर नवा हाय, पॅनल जुनं. आणि ह्या लिव्हरचा मुलामा बघा, हाताला घासून पितळ दिसायलंय. सहाशे तासांत असं होत न्हाई.’ जुन्या मेकॅनिकल इंजिनात अवर मीटर म्हणजे एक घड्याळच असतं, काढून नवं बसवता येतं. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर तास त्याच्या ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेले असतात आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप जोडून ते काढून देतो. तशी बोट असेल तर ती प्रत मागाच.

डाव्या इंजिनचं कारण एक्झॉस्ट एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं वळण, निघालं. या बोटींत समुद्राचं पाणी इंजिनला थंड करून शेवटी धुरात मिसळून बाहेर जातं. ते जिथे मिसळतं तो एल्बो खाऱ्या पाण्याने आतून कुजतो, आणि इंजिन बंद झालं की पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. व्हॉल्व्ह गंजतात, रिंगा धरतात, तेल दुधाळ होतं. आम्हाला दाखवण्याआधी तेल बदललं होतं आणि इंजिन गरम करून ठेवलं होतं, म्हणून काही दिसलं नाही. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा आणि किती वेळ येतो, त्यात निम्मं सत्य असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी, इंजेक्टर खराब किंवा पाण्यातल्या पंख्यावर (प्रोपेलरवर) जास्त भार. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा आत पाणी जातंय. तेलाचा नमुना लॅबला दिला तर त्यात लोखंड, तांबं, सोडियम किती आहे ते कळतं. सोडियम जास्त असेल तर खारं पाणी आत शिरल्याची शंका घ्यायलाच हवी. मात्र तेल नुकतंच बदललेलं असेल तर त्या नमुन्याला काही अर्थ नाही.

बोट बाहेर काढून प्रेशरने धुतली तेव्हा नव्या रंगाखाली रुपयाच्या नाण्याएवढे फोड निघाले. एक टोचला तर आंबूस, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं. फायबरमध्ये पाणी मुरल्याची ती खूण. डिझेलच्या टाकीत काळा गाळ होता, त्याबद्दल वेगळं काय सांगू.

खर्चाबद्दलही खोटंच सांगितलं होतं. ‘दोन्ही इंजिनं मिळून तासाला ४० लिटर.’ डिझेल इंजिनला एक हॉर्सपॉवर तासभर मिळवायला साधारण ०.२ लिटर लागतं. म्हणजे ३०० च्या दोन इंजिनांना पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे १२० लिटर, सत्तर टक्क्यांवर ८० च्या वर. कागदावर दोन मिनिटांचं गणित आहे, कुठल्याही दलालासमोर करून बघा.

कागदपत्रांचा घोळ तर याहून वाईट. आमच्या हाती आलेलं सर्टिफिकेट अंतर्गत जलमार्गांसाठीचं आहे, म्हणजे नदी-खाडीपुरतं. समुद्रात काही झालं तर विमा कंपनी याच कागदावर बोट ठेवून हात वर करेल. बोट परदेशातून आलेली असेल तर बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी कस्टमला दिलेला कागद) बघा. कस्टम ड्युटी चुकवलेली असेल तर माल जप्त होऊ शकतो, मग तो आज कुणाच्याही ताब्यात असो. नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची असो, गोव्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्सची असो, की केंद्र सरकारच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची, त्या कार्यालयात स्वतः जाऊन मालकाचं नाव आणि कर्जाची नोंद तपासा. समुद्रात जाणाऱ्या बोटीवर खलाशांचा थकलेला पगार चढलेला असेल तर २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याप्रमाणे तो हक्क बोटीवर राहतो, मालक बदलला म्हणून सुटत नाही. आमच्या सुदैवाने तसं काही निघालं नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. ग्राहक आयोगातही जातोय. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच दाखल करता येते, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची असल्याने आमचं प्रकरण तिथे बसतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, ती कुणी घालवू नये. दलाल आता विक्रीपत्रातल्या ‘जशी आहे तशी’ या शब्दांवर बोट ठेवतो.

तुमचा व्यवहार अजून विसाराच्या टप्प्यावर असेल तर विसार पावतीवर हे लिहून घ्या: ‘खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या सर्व्हेअरकडून बोट पाण्याबाहेर काढून तपासणी, थंड इंजिन सुरू करण्याची चाचणी आणि उघड्या समुद्रात पूर्ण आरपीएमवर चाचणी होईल. यांपैकी कशातही दोष निघाल्यास विसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत.’ बोट ओढण्याचा आणि सर्व्हेचा खर्च तुम्ही करा, तो आनंदाने करा. या ओळीवर सही करायला जो तयार नाही, त्याला विसार देऊ नका.